संग्राहिकेचे कर्तृत्व : सरोजिनी बाबर यांच्या कार्याचे एक मूल्यमापन

१

एखाद्या व्यक्तीचे कर्तृत्व अनेक क्षेत्रांत पसरलेले असले, म्हणजे टीकाकाराची सोय आणि अडचण ही दोन्ही एकदमच उत्पन्न होतात. सोय अशी की, ग्रंथांची, पदांची आणि मानसन्मानांची एक लांबलचक यादी देऊन शेवटी 'चतुरस्र' हे विशेषण जोडले, की लेख पुरा झाल्यासारखा वाटतो. अडचण अशी की, या यादीतील कोणत्याही एका कार्याचे मोल त्यामुळे ठरत नाही. कादंबरीचा अभ्यासक कादंबऱ्यांपुरते पाहतो व त्या बाजूला ठेवतो; लोकसाहित्याचा शास्त्रीय अभ्यास करणारा संग्रहांच्या शिस्तीबद्दल शंका घेतो; आणि दूरदर्शनवरील कार्यक्रम हा तर वाङ्मयविचाराचा विषयच नव्हे, असे गृहीत धरले जाते. अशा रीतीने प्रत्येक दालनातून पुढच्या दालनात पाठवणी होत होत ती व्यक्ती अखेर कोणाच्याच घरची राहत नाही. डॉ. सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांच्या वाट्याला काहीसे असेच आले आहे. त्यांच्याविषयी आदराने बोलणारे पुष्कळ. त्यांच्या कार्याची कठोर परीक्षा करणारे मात्र थोडे. आदर ही परीक्षेची जागा घेऊ शकत नाही, हे लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्यामागील सूत्र कोणते, ते सूत्र निरनिराळ्या माध्यमांत कसे प्रकट झाले, आणि त्याच्या मर्यादा कोठे जाणवतात, याचा विचार करावयाचा आहे. विवेचन केवळ तात्त्विक राहू नये, म्हणून एका विशिष्ट गावाचा संदर्भ मधूनमधून घेतला आहे. ते गाव म्हणजे बीडहून अंबाजोगाईकडे जाताना बालाघाटाच्या पठारावर लागणारे नेकनूर. हे गाव निवडण्याचे कारण असे की, सरोजिनीबाईंच्या जन्मप्रदेशापासून ते दूर आहे, त्याचा राजकीय इतिहास वेगळा आहे, आणि तरीही ज्या 'महाराष्ट्रा'चे लोकधन त्यांनी ग्रंथबद्ध केले त्यातच त्याचा समावेश होतो.

२

सरोजिनीबाईंचा जन्म ७ जानेवारी १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी या गावी झाला. वडील कृष्णराव बाबर हे शिक्षणकार्याला वाहून घेतलेले गृहस्थ. स्वातंत्र्योत्तर काळात प्रौढशिक्षणाला 'समाजशिक्षण' हे अधिक व्यापक नाव मिळाले, आणि त्या चळवळीच्या वातावरणातच 'समाज शिक्षण माला' हा बाबर पितापुत्रींचा उपक्रम उभा राहिला. नव्याने अक्षरओळख झालेल्या वाचकाच्या हाती सोप्या भाषेतील छोटी पुस्तिका नियमाने पडावी, हा त्या मालेचा हेतू. तिच्या संपादनाची धुरा सरोजिनीबाईंनी दीर्घकाळ वाहिली व शेकडो पुस्तिका प्रसिद्ध केल्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. पुढे विधान परिषद आणि १९६८ ते १९७४ या काळात राज्यसभा येथेही त्यांनी काम केले. कादंबऱ्या लिहिल्या, 'झोळणा' हा काव्यसंग्रह लिहिला, 'वनिता सारस्वत' या ग्रंथात मराठी वाङ्मयातील स्त्रियांच्या कामगिरीचा आढावा घेतला. परंतु त्यांचे नाव ज्या कार्याशी कायमचे जोडले गेले ते महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचे. तिच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तीन दशकांच्या आसपास ग्रंथांमागून ग्रंथ सिद्ध केले : 'एक होता राजा', 'जनलोकांचा सामवेद', 'जा माझ्या माहेरा', 'बाळराजा', 'कुलदैवत', 'तीर्थांचे सागर', 'दसरा दिवाळी', 'नंदादीप', 'राजविलासी केवडा', 'साजशिणगार', 'रांगोळी', 'कारागिरी'. आणि उतारवयात, मुंबई दूरदर्शनवरील 'रानजाई' या मालिकेत शांता शेळके यांच्यासमवेत बसून त्यांनी हेच धन प्रत्यक्ष बोलून दाखविले.

वरवर पाहता संपादक, लोकप्रतिनिधी, कादंबरीकर्ती, संग्राहिका आणि दूरदर्शनवरील निवेदिका अशा पाच भूमिका येथे दिसतात. परंतु प्रत्येक भूमिकेतील त्यांचा श्रोता वा वाचक कोण, हा प्रश्न विचारला, की उत्तर बहुधा एकच येते. समाज शिक्षण मालेचा वाचक नवसाक्षर होता, आणि त्यात ग्रामीण स्त्री प्रामुख्याने होती. लोकसाहित्य मालेतील मजकूर मुख्यत्वे त्याच स्त्रीच्या तोंडचा आहे. 'रानजाई' पाहणाऱ्या प्रेक्षकवर्गातही ती स्त्री होती. आता तिला वाचावेही लागत नव्हते. म्हणजे जिच्याकडून घेतले तिलाच परत पोचविणे, हे सरोजिनीबाईंच्या कार्याचे मध्यवर्ती सूत्र आहे, असे माझे प्रतिपादन आहे. हे सूत्र मान्य केले, तर त्यांच्या यशापयशाची कसोटीही त्यातूनच निघते : घेतलेले धन खरोखर परत पोचले काय, आणि पोचले असल्यास ते ओळखू येईल अशा रूपात पोचले काय?

३

या कसोटीचे महत्त्व कळण्यासाठी सरोजिनीबाईंच्या पूर्वीची परंपरा ध्यानात घेणे अवश्य आहे. काकासाहेब कालेलकर व वामन चोरघडे यांचे 'साहित्याचे मूलधन', साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', कमलाबाई देशपांडे यांचे 'अपौरुषेय वाङ्मय' या संग्रहांनी स्त्रीगीतांना सुशिक्षित वाचकांच्या दृष्टीस आणले. त्या संग्रहांमागील प्रेरणा भिन्न असल्या, तरी त्यांचा वाचक समान होता. तो शहरातील वा निमशहरातील, मराठी वाङ्मयाशी परिचित असा पांढरपेशा वाचक होता. ओवी ही त्याला गमावलेल्या आजोळाची आठवण किंवा राष्ट्रीय संस्कृतीचा पुरावा म्हणून प्रिय होती. १९५६ मध्ये दुर्गा भागवत यांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' प्रसिद्ध झाली व लोकसाहित्याच्या अभ्यासाला मराठीत शास्त्रीय चौकट मिळाली. संग्रह करणाऱ्याने भावनेपेक्षा पद्धतीला महत्त्व द्यावे, हा तिचा आग्रह होता.

सरोजिनीबाई या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये उभ्या आहेत. आजोळाच्या आठवणीने व्याकुळ होणारा पांढरपेशा संग्राहक आणि तटस्थपणे नोंद करणारा मानववंशशास्त्रज्ञ या दोघांहून त्यांची भूमिका निराळी आहे, कारण ज्या घरात ही गाणी गायली जात त्या घराच्या त्या लेकी होत्या. कृष्णाकाठच्या शेतकरी कुटुंबातील भाषा ही त्यांची मातृभाषा. त्यामुळे ओवीतील शब्दाचा अर्थ त्यांना कोशात शोधावा लागत नाही. उलट पुष्कळदा त्याच कोशाला शब्द पुरवितात. लोकसाहित्याच्या शब्दकोशाचे काम त्यांनी हाती घेतले, हे या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते. त्यांच्या विवेचनात शास्त्रीय परिभाषा बेताचीच आढळते. ओव्या एकापुढे एक येतात आणि मधला गद्य मजकूर शेजारणीने सांगावे तशा ओघाने त्यांना जोडीत जातो. हा दोष आहे असे काहींना वाटेल. परंतु हे गद्य नवसाक्षर वाचकासाठी पुस्तिका काढणाऱ्या संपादिकेचे गद्य आहे, हे विसरता येत नाही. समाज शिक्षण मालेने त्यांना लहान वाक्याची, ओळखीच्या दृष्टांताची आणि पाल्हाळ आवरण्याची सवय लावली. विद्वत्तेच्या ग्रंथातही त्यांनी ती सोडली नाही, आणि त्यामुळेच त्यांचे ग्रंथ विद्यापीठांच्या कपाटांबाहेरही जाऊ शकले.

४

संग्रहाच्या कार्यात गीत आणि वस्तू यांचा भेद फार मोलाचा आहे. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, कुलुपे, वाद्ये, भांडी, कोरीव दारे अशा नित्याच्या वापरातील वस्तू गोळा केल्या आणि आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे त्यांचे संग्रहालय उभे केले. १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाले. वस्तूंच्या संग्राहकाला एक अपरिहार्य क्रूरता करावी लागते. अडकित्ता संग्रहालयात आला, की तो पानदानातून कायमचा नाहीसा होतो. गीताच्या संग्राहकावर हा आरोप येत नाही. ओवी लिहून घेतली तरी ती म्हणणारीच्या ओठी तशीच राहते. परंतु गीताचा संग्राहक दुसरे काहीतरी तोडीत असतो. ओवीला जात्याची घरघर, पहाटेची वेळ, जोडीने दळणारी दुसरी बाई आणि नेमका तो दिवस यांचा आधार असतो. कागदावर उतरताना हे सर्व गळून पडते व उरतो तो शब्द.

हस्तकला या दोहोंच्या मध्ये आहे, आणि म्हणूनच 'रांगोळी' व 'कारागिरी' या ग्रंथांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. लोकसाहित्य समितीच्या मालेत या विषयांना स्थान मिळाले, यामागे एक महत्त्वाचा निर्णय आहे. लोकसाहित्य म्हणजे केवळ शब्द, ही व्याख्या येथे मोडली गेली. उंबऱ्यापुढे काढलेली रेघ, बुरुडाने विणलेले सूप, कुंभाराने घडविलेला रांजण, जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली वाकळ, या गोष्टी ज्या हातांनी होतात तेच हात जाते ओढीत होते, आणि जात्यावरच्या ओवीत सूप, रांजण व वाकळ पदोपदी येतात. गीताचा अर्थ कळण्यासाठी वस्तू आणि वस्तूचा अर्थ कळण्यासाठी गीत, असे हे परस्परावलंबन आहे. संग्रहालयातील सुपाच्या खाली 'धान्य पाखडण्याचे साधन' एवढेच लिहिलेले असते. त्याच सुपात नवजात बाळाला पाचवीला ठेवतात, सुपातूनच ओटीचे साहित्य नेतात, आणि जात्यात पडलेल्या दाण्यांना हसणाऱ्या सुपातील दाण्यांची म्हण तर प्रत्येकाच्या तोंडी असते, हे सांगावयास लोकसाहित्याचाच आधार घ्यावा लागतो.

शब्द आणि वस्तू यांचे हे ऐक्य बीड जिल्ह्याला तरी नवे नाही. नेकनूरवरून जाणारा रस्ता ज्या अंबाजोगाईला पोचतो, तेथे दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. जाड सुती कापडाच्या लांबच लांब पटावर त्या संतकवीने 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहून काढला. तिला ग्रंथ म्हणावे की वस्त्र, हा प्रश्न ग्रंथपालाला पडेल. परंपरेला तो कधीच पडला नाही. सरोजिनीबाईंनी ओवी आणि वाकळ एकाच मालेत आणली, तेव्हा त्यांनी नकळत याच जुन्या समजुतीला पुन्हा मान दिला असे म्हणावेसे वाटते.

५

आता मर्यादांकडे वळले पाहिजे. लोकसाहित्य मालेतील ग्रंथांची मांडणी विषयवार आहे. माहेर, बाळ, कुलदैवत, तीर्थ, सण, साजशृंगार, असे तिचे कप्पे आहेत. या मांडणीचा लाभ उघड आहे. वाचकाला एका विषयावरील विपुल सामग्री एकत्र सापडते आणि स्त्रीच्या भावविश्वाचा एक सलग पट डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु जिल्हे, जाती, बोली आणि प्रसंग यांच्या सीमा या मांडणीत पुसट होतात. कृष्णाकाठची ओवी आणि गोदाकाठची ओवी एकाच परिच्छेदात शेजारी बसली, की वाचणाऱ्याला 'मराठी स्त्री' नावाची एकच एक बाई बोलते आहे असा भास होतो. अशी बाई कोठेही राहत नाही.

हा भास निर्माण होण्यास त्या काळाचे कारणही होते. १९५६ ते १९६० ही वर्षे मराठी भाषिकांच्या राज्याच्या आंदोलनाची. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि नव्या राज्याला आपण एक आहोत याचा सांस्कृतिक पुरावा हवा होता. शासनाच्या समितीने सिद्ध केलेली लोकसाहित्य माला हा त्या पुराव्याचाच एक भाग होता. परंतु नेकनूरच्या बाजूने पाहिले असता या एकत्वाला एक वेगळा इतिहास आहे. हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ निघाले. पुण्यामुंबईकडे शंभर वर्षे छापील मराठीच्या सहवासात लोकगीते वाढत होती. येथे मराठीचा मोठा व्यवहार मुखानेच चालत होता. अशा प्रदेशातील मौखिक परंपरेचा वेगळेपणा नोंदविणे हे अधिक अगत्याचे होते. मराठवाड्यातील लोकपरंपरांचा तेथे राहून सखोल अभ्यास करण्याचे कार्य पुढे डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संशोधकांनी केले. राज्यव्यापी मालेच्या विषयवार कप्प्यांत तो वेगळेपणा पुरेसा उमटणे शक्य नव्हते.

दुसरी मर्यादा कप्प्यांच्याच निवडीत आहे. वर दिलेली शीर्षके पाहिली असता त्यांचा केंद्रबिंदू कुटुंब, सणवार व श्रद्धा हा असल्याचे ध्यानात येते. श्रम आहेत, पण ते दळणकांडणाच्या रूपाने घरात, किंवा कारागिरीच्या रूपाने बलुतेदाराच्या अंगणात. मजुरीच्या श्रमाला स्वतंत्र शीर्षक नाही. याचे परिणाम काय होतात, हे 'दसरा दिवाळी' या शीर्षकावरूनच पाहता येईल. स्थिर शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हे सण सुगीचे, लेकीच्या माहेरपणाचे व भावाच्या ओवाळणीचे. परंतु बालाघाटाच्या पठारावरील हजारो कुटुंबांच्या दृष्टीने दसरा सरला, की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी गाव सोडण्याची वेळ जवळ येते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि कित्येक वर्षे या कोयत्यांचा मोठा ओघ पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे, म्हणजे सरोजिनीबाईंच्याच कृष्णाखोऱ्याकडे वाहत आला आहे. गळीत हंगाम संपेपर्यंत, वर्षाचे सुमारे सहा महिने, ऊसतोड करणाऱ्या स्त्रीचा संसार फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत असतो. तिच्या 'माहेरा'चा अर्थ काय? तिच्या दिवाळीला कोणता भाऊ ओवाळायला मिळतो? 'जा माझ्या माहेरा' हा ग्रंथ ज्या मुलखात रुजला, त्याच मुलखात तिचे अर्धे आयुष्य जाते; परंतु त्या ग्रंथाच्या रचनेत तिच्यासाठी दार ठेवलेले नाही. हा दोष सरोजिनीबाईंच्या सहानुभूतीचा नव्हे. सणांच्या व नात्यांच्या चक्रावर उभारलेल्या वर्गीकरणाचा तो दोष आहे, आणि ते वर्गीकरण नंतरच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे उचलल्यामुळे तो अधिकच पक्का झाला.

६

तिसरी मर्यादा म्हणजे नावाचा प्रश्न. लोकसाहित्य हे 'अपौरुषेय' म्हणून त्याला कर्ता नाही, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती अर्धीच खरी आहे. ओवीची चौकट परंपरेची असते. परंतु तिच्यात कोणता भाऊ, कोणते गाव, कोणते दुःख घालावयाचे हे दळणारी बाई त्या पहाटे ठरविते. ती कर्ती आहे. संग्राहक तिचे नाव व गाव नोंदवितो की नाही, यावर तिच्या कर्तृत्वाची मान्यता अवलंबून असते. विषयवार मांडणीत ओवी पुढे येते आणि बाई मागे राहते.

या बाबतीत तुलनेसाठी गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातून चालविलेला जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प पाहण्यासारखा आहे. त्यात एक लाखांहून अधिक ओव्या एकत्र झाल्या, आणि प्रत्येक ओवीसोबत म्हणणारीचे नाव व गाव नोंदविण्याची शिस्त पाळली गेली. पुढे अनेकींचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला. २०१७ पासून हे भांडार 'पारी' या ग्रामीण भारतविषयक संग्रहाच्या द्वारे सर्वांना खुले झाले आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्या तेथे ऐकावयास मिळतात. त्या ऐकताना ध्यानात येते की, जात्यावरच्या ओवीने माहेर आणि विठ्ठल यांच्यापलीकडे जाऊन विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या सामाजिक परिवर्तनालाही आपल्यात सामावून घेतले होते. ओवी ही गतकाळाची ठेव आहे, या समजुतीला यापरता सबळ उत्तर नाही. अशी ओवी 'कुलदैवत' या कप्प्यात बसणार नाही, 'तीर्थांचे सागर' यातही बसणार नाही. तिला गाणारीचे नाव, तिची वस्ती व तिचा इतिहास हाच खरा कप्पा आहे.

येथे एक न्याय केला पाहिजे. राईरकर-पॉइतव्हाँ प्रकल्पाला ध्वनिमुद्रणाची आणि पुढे संगणकाची साधने लाभली. सरोजिनीबाईंच्या समितीने काम आरंभिले तेव्हा वही आणि पेन्सिल हीच साधने होती. शिवाय दोहोंची उद्दिष्टे भिन्न होती. एकाने पुरावा जपला, दुसरीने प्रसार केला. प्रसाराला जिवंतपणा लागतो आणि पुराव्याला काटेकोरपणा. दोन्ही गुण एका कार्यात समप्रमाणात सापडणे दुर्मिळच. तरीही वहीच्या कोपऱ्यात नाव लिहिण्यास यंत्र लागत नव्हते, हेही तितकेच खरे.

७

या पार्श्वभूमीवर 'रानजाई' या मालिकेचे स्थान निराळेच ठरते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या माध्यमातून लोकगीत जेव्हा जेव्हा सादर झाले, तेव्हा बहुधा ते वाद्यवृंदाच्या साथीने, नटवून, रंगमंचावर आणले गेले. 'रानजाई'ने ही वाट सोडली. समोरासमोर बसलेल्या दोन वयस्क स्त्रिया आणि त्यांचे बोलणे, एवढ्यावर तिचा भर होता. त्यांतील एक शांता शेळके (१९२२–२००२). त्यांचीही कारकीर्द अशीच नाना वाटांची. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात त्यांनी पाच वर्षे काम केले, नंतर महाविद्यालयांतून मराठी शिकविले, कविता, गीते, अनुवाद, कथा असे विपुल लेखन केले, आणि १९९६ च्या आळंदी येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ग्रांथिक कवितेवर पोसलेली एक स्त्री आणि मुखपरंपरेत वाढलेली दुसरी, यांची ही गाठ होती. पत्रकारितेत मुरलेल्या शांताबाईंना कोणता प्रश्न कोठे विचारावा व कोठे गप्प राहावे, हे नेमके ठाऊक होते; आणि सरोजिनीबाईंना उत्तर शोधण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नव्हता.

'रानजाई'चे खरे महत्त्व असे की, कागदावर उतरताना गळून पडलेल्या गोष्टींपैकी काही येथे परत आल्या. बोलीचा हेल परत आला. एक बाई म्हणते आणि दुसरी तिला साद देते, हा जात्याभोवतीचा मूळ संबंध परत आला. एका ओवीवरून दुसरी आठवणे, मध्येच थांबून प्रसंग सांगणे, ही मुखपरंपरेची स्वाभाविक गती परत आली. पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोचल्यामुळे ओवीचे कारणच नाहीसे झाले होते. जाते कोनाड्यात गेले आणि त्याबरोबर रोजची ती पहाटही गेली. ज्या स्त्रियांनी तरुणपणी दळताना ओव्या म्हटल्या होत्या, त्यांपैकी अनेकींच्या घरात आता दूरदर्शनचा संच होता. त्यांना आपलेच शब्द समोरून ऐकू आले. घेतलेले परत पोचविणे, हे जे सूत्र आपण आरंभी सांगितले, त्याची सर्वाधिक पूर्तता सरोजिनीबाईंच्या ग्रंथांपेक्षाही या मालिकेत झाली, असे माझे मत आहे. म्हणून त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनात 'रानजाई'ला परिशिष्टात टाकणे अन्यायाचे होईल. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ हेच एकमेव प्रमाण मानण्याची आपली सवय येथे आड येते. मौखिक वाङ्मयाच्या संग्राहिकेची उत्तम कृती मौखिकच असावी, यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही.

अर्थात वर सांगितलेल्या मर्यादा येथेही सुटलेल्या नाहीत. सरोजिनीबाई स्वतः बोलतात म्हणून तो आवाज अस्सल आहे, परंतु तो एकाच प्रदेशाचा आवाज आहे. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या असंख्य अनामिका येथेही अनामच राहतात. संग्राहिका प्रतिनिधी झाली, म्हणजे ज्यांचे प्रतिनिधित्व ती करते त्या अधिकच दृष्टीआड होण्याचा धोका असतो. ज्या स्त्रीने विधिमंडळ आणि संसद दोन्ही जवळून पाहिली, तिच्या वाङ्मयीन कार्यालाही प्रतिनिधित्वाचा हाच जुना प्रश्न लागू व्हावा, हे विचार करण्यासारखे आहे.

८

तेव्हा निष्कर्ष असा. सरोजिनी बाबर यांच्या नाना वाटांच्या कारकिर्दीला 'चतुरस्र' हे विशेषण लावून थांबणे म्हणजे तिच्यातील एकसूत्रता नाकारणे होय. नवसाक्षर स्त्रीपर्यंत पोचणे हा त्यांचा आरंभीचा संकल्प होता. पुस्तिका, ग्रंथ, कलावस्तूंचे विवेचन आणि दूरदर्शन ही त्या संकल्पाची क्रमाक्रमाने बदलत गेलेली साधने होत. लोकसाहित्यात शब्दाबरोबर वस्तूला आणि कारागिराला स्थान देणे, ही त्यांची मोठी कामगिरी. प्रदेशभेद पुसणारी मांडणी, मजुरीच्या जीवनाला न सामावणारे कप्पे आणि गाणारीच्या नावाची उपेक्षा, या त्यांच्या कार्यपद्धतीच्या खऱ्या उणिवा. या उणिवा झाकल्याने त्यांचा गौरव वाढत नाही. त्या भरून काढणे शक्य आहे, आणि ते काम आता विद्यापीठांच्या मराठी विभागांचे आहे.

त्यासाठी एक अल्पस्वल्प योजना सुचवावीशी वाटते. लोकसाहित्य मालेतील ग्रंथ घेऊन संशोधक विद्यार्थ्यांनी नेकनूरसारख्या गावी जावे व साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांपुढे ते मोठ्याने वाचावेत. कोणती ओवी त्यांना ठाऊक आहे, ती कोणत्या पाठभेदाने, कोणत्या चालीवर आणि कोणत्या प्रसंगी म्हटली जात असे, कोणती सर्वस्वी परकी वाटते, आणि ग्रंथात नसलेली कोणती त्यांना आठवते, याची नोंद त्यांच्या संमतीने, नावागावासह व्हावी. ऊसतोडीला जाऊन आलेल्यांना तिकडे फडात काय म्हटले जाई, हे आवर्जून विचारावे. घरातील सूप, वाकळ, जाते यांची नोंदही त्याच वहीत करावी, आणि ती वस्तू कोणी घडविली हेही लिहावे. अशा रीतीने छापील ओवी पुन्हा बाईच्या समोर जाईल व ती तिला दुरुस्त करील. हे काम फार लांबणीवर टाकण्यासारखे नाही. जात्यावर दळलेली शेवटची पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्या स्मरणातील ओव्या वहीत उतरविण्यासाठी आणखी एका शासकीय समितीची वाट पाहण्याची गरज नाही. एक विद्यार्थिनी, एक ध्वनिमुद्रक आणि नावासाठी राखलेला एक रकाना एवढ्यावर ते सुरू करता येते.